बसायला जागा

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना सेंट्रल पार्क दाखवतो. मी हल्ली ब्रायंट पार्कलाही नेते. बेचाळिसाव्या रस्त्यालगत, मोठ्या पब्लिक लायब्ररीच्या मागे असलेली ही बाग सेंट्रल पार्कपुढे अंगणाएवढी. तिथे पाहण्यासारखं फारसं नाही, पण निवांत बसता येतं.

१९७०च्या दशकात मात्र इथे गर्दुल्ल्यांचं राज्य होतं. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपण आणि दाट झुडपं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नसे, म्हणून साधी माणसं आत पाऊल टाकत नसत. विल्यम व्हाइट हा अभ्यासक तेव्हा न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, कुठे थांबतात ते टिपत होता. त्याचा निष्कर्ष अगदी साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. आडोसे काढा, वाटा मोकळ्या करा, लोकांना येऊ द्या, असं त्याने इथल्यासाठी सुचवलं. १९८८मध्ये बाग कामासाठी बंद झाली आणि १९९२मध्ये उघडली ती सुट्या, हलक्या, हिरव्या खुर्च्यांसह. खुर्च्यांना साखळी नाही, बसायला पैसे नाहीत.

व्हाइटने एक गंमत टिपली होती. माणूस सुटी खुर्ची बसण्याआधी चार बोटं तरी सरकवतो, गरज असो वा नसो. तेवढ्याने ती जागा त्याची होते. इथे कुणी उन्हात सरकतं, कुणी सावलीत, कुणी एकटं पुस्तक घेऊन बसतं. शेजारची खुर्ची हवी असेल तर नजरेनेच विचारायचं, समोरचा मान डोलावतो.

माझे सासरे दादरचे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्यांची उभी हयात गेली. ब्रायंट पार्कात ते दोन तास रमले. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात मात्र पंचाईत. बागा ऐसपैस, पण बाकं जमिनीत रोवलेली, एका ओळीत, तोंड झोपाळ्यांकडे. सहा महिन्यांसाठी आलेले चार आजोबा बसले की पहिल्याचं बोलणं चौथ्याला ऐकू येत नाही. घरात सगळं आहे, पण दिवसभर बोलायला माणूस नाही, ही त्या सगळ्यांचीच तक्रार.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी गराजमधल्या घडीच्या खुर्च्या बागेत नेल्या आणि गोल करून बसले. आठवड्याभरात एक गुजराती आजी आणि नातवाला खेळायला आणणारे एक चिनी आजोबाही आपापली खुर्ची घेऊन येऊ लागले. भाषेचा प्रश्न होता, पण पत्ते सगळ्यांना येतात.

बाकं समोरासमोर लावा, असा अर्ज आम्ही टाउनशिपकडे दिला आहे. तुमच्याही गावात देऊन पाहा. आमचं उत्तर अजून यायचंय. तोवर खुर्च्या गाडीच्या डिकीत आहेत.