फॅब्रिशियसची पिशवी

कोंबडीच्या शेपटीखाली एक इवलीशी पिशवी असते. इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या फॅब्रिशियस या शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले, पण तिचे कार्य पुढे तीन शतके कुणाला उमगले नाही. आपण तर कोंबडी साफ करताना ती बिनदिक्कत फेकून देतो.

अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने ती काही पिल्लांतून काढून टाकली. वर्गातील प्रात्यक्षिकासाठी त्याच्या मित्राने त्याच कोंबड्या नेल्या, त्यांना जंतूंची लस टोचली, आणि प्रात्यक्षिक फसले! अनेकींच्या रक्तात प्रतिपिंडे झालीच नाहीत. हे निरीक्षण १९५६ साली कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापले गेले. डॉक्टरमंडळी ते कशाला वाचतील?

मिनेसोटा विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मात्र त्याची दखल घेतली गेली. तेथे रॉबर्ट गुड यांच्या हाताखाली मॅक्स कूपर हे तरुण बालरोगतज्ज्ञ संशोधनाचे धडे घेत होते. सकाळी आजारी मुले पाहावीत आणि तोच प्रश्न घेऊन पिल्लांकडे वळावे, अशी ती शाळा. माझ्या मते खरे वैद्यकीय शिक्षण ते हेच. १९६५ साली त्यांनी दाखवून दिले की, शरीराच्या संरक्षणाची दोन दले आहेत : एक छातीतील थायमस ग्रंथीत घडणारे, दुसरे या पिशवीत. माणसाला ही पिशवी नाही. त्याचे दुसरे दल अस्थिमज्जेत घडते.

मी जीवशास्त्राचा शिक्षक; पण हे सारे मी वाचले ते मावशीसाठी. तिचे दोन मुलगे वर्षाच्या आत न्यूमोनियाने गेले, मुली मात्र धडधाकट. वाडीतील बायकांनी दोष तिच्या दुधाला दिला आणि तिने तो निमूटपणे शिरावर घेतला.

१९६८ साली मिनेसोटातच गुड यांच्यापुढे एक तान्हा मुलगा आला. त्याची दोन्ही दले लुळी होती. त्याच्या आईकडच्या घराण्यातील अनेक मुलगे असेच दगावले होते. बहिणीची अस्थिमज्जा त्याला दिली, आणि तो जगला.

मावशीच्या मुलांचे निदान कधी झाले नाही. तरीही मी तिला हे सांगितले. मुलग्यांनाच गाठणारे असे दोष जन्मतःच येतात, कुणाच्या वागण्यातून नव्हे, हेही सांगितले. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती.

"मग दूध?" तिने विचारले.

"दुधाने असे काही होत नाही, मावशी."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने धाकट्याचे नाव घेतले. ते मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.