अंदमानात चौविहार



अंदमानला जाऊन आलो म्हटल्यावर स्थानकात सगळ्यांनी एकच विचारले, खाल्ले काय? प्रश्न बरोबरच आहे. चारी बाजूंनी समुद्र, जिकडे तिकडे मासळी, आणि आमच्याबरोबर सासूबाई. कंदमूळ नाही, चौविहार रोजचा, तोही लग्नाच्या आधीपासून. जामनेरहून निघताना मुलांना समुद्राची घाई होती आणि मला त्यांच्या जेवणाची काळजी.

खरी अडचण मात्र मासळीची नव्हती, सूर्याची होती. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाला पाच-दहा मिनिटे असताना मावळतो. अंदमान इतके पूर्वेला आहे की घड्याळ आपलेच, पण सूर्यास्त पाचच्या सुमारास! दुपारी तीनला बंद झालेले हॉटेलचे स्वयंपाकघर सातला उघडायचे. मग चौविहार करणाऱ्याने जेवायचे कधी? सकाळी मात्र याच हिशेबाने फायदा. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, त्यामुळे ४८ मिनिटांची नवकारसी साडेसहाच्या आत येते. जामनेरात तेव्हा ती पावणेआठला येते.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल पाहिले. सावरकरांची कोठडी, कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा. नारळाचे तेल त्यानंतर दोन दिवस मला डोक्याला लावावेसे वाटले नाही.

तिथून बोटीने हॅवलॉकला गेलो. २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप. गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी, कारण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे इथे वसवली गेली. आमच्या होमस्टेची मालकीण त्यांच्यातलीच. मी भीतभीत सांगितले, मांस-मासे नको, कांदा-लसूणही नको. ती म्हणाली, "निरामिष! माझी आजी तेच खायची." बंगाली घरात विधवेने मासे, कांदा, लसूण सोडायचे, अशी जुनी रीत. आजीचा वेगळा तवा, वेगळी चूल हिने लहानपणी पाहिलेली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आपण हौसेने सोडतो, तिला सोडायला लावले." ताट समोर होते, तरी त्या थोडा वेळ जेवल्याच नाहीत.

निरामिषात बटाटा आणि आले चालते, आपल्याला नाही. सासूबाईंनी पिशवीतून सुंठ काढून दिली. मग रोज साडेतीनला चूल पेटायची. भाजलेल्या मुगाची डाळ, तिच्यात खोबऱ्याचे तुकडे, कच्च्या केळ्याची रस्साभाजी, भात. कच्च्या केळ्याचे आपण जळगावकर पुष्कळ काही करतो, पण जिरे-हिंगाची ही पातळ भाजी मी घरी आल्यावर दोनदा केली.

राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. पीठ चाळून ठेवावे तशी वाळू. पावणेपाचला सासूबाईंनी शहाळे संपवले, तोंड स्वच्छ केले आणि पदर सावरून वाळूतच उभ्या राहिल्या. आजूबाजूला शंभर मोबाईल सूर्याकडे वळलेले, आणि ह्या हात जोडून पच्चक्खाण घेत होत्या. इतकी वर्षे त्यांचा सूर्यास्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून, भांडी आवरताना झालेला. त्या दिवशी आवरायला काहीच नव्हते. सूर्य पाण्यात पूर्ण उतरेपर्यंत त्या बघत राहिल्या, आणि नंतरही.

धाकट्याने खिसाभर शिंपले गोळा केले होते. तिथून शिंपले, पोवळी आणायला कायद्याने बंदी आहे. सासूबाईंनी कायदा सांगितला नाही. शंख बेइंद्रिय ना, पाठशाळेत काय शिकलास, एवढेच विचारले. रिकाम्या शंखातही एक खेकडा घर करून राहतो. तो चालताना दिसल्यावर पोराने खिसा स्वतःच रिकामा केला.

कोणी जाणार असाल तर मुक्काम ठरवतानाच चार वाजता जेवण मिळेल का ते विचारा. सुंठ, हिंग जवळ ठेवा. निघताना मालकिणीला केळ्याचे वेफर्स आणि मेथीचे खाकरे दिले. वेफर्स तिने तिथेच फोडले. खाकऱ्याचा तुकडा तोंडात घालून म्हणाली, "माशीमा, हे कडू लागते," आणि उरलेले हसत परत केले.