लाल चौकटीतल्या गोळ्या

४ डिसेंबर
गळीत हंगाम सुरू झाला की कंबरदुखीच्या चिठ्ठ्या वाढतात. आज शटर वर करतोय तोवर ऊसतोडीच्या टोळीतला एक जण पायरीवर येऊन बसलेला. त्याची चिठ्ठी घडीवर फाटलेली, गेल्या मार्चमधली, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या डॉक्टरांची. ट्रॅमाडॉल ३७.५, पॅरासिटामॉल ३२५, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पाठीमागे तीन मेडिकलचे शिक्के.

"दोन पाकिटं द्या मालक. एक घेतल्याबिगर कोयता उचलत नाही."

म्हणजे दुखायला लागल्यावर नव्हे, दुखेल म्हणून आधीच. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर अशा चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, हा नियम आहे. मी साधी पॅरासिटामॉल पुढे केली. तो हसला आणि पुढच्या चौकाकडे निघाला. मिरजेत मेडिकलांना काय तोटा!

९ डिसेंबर
हिशेब उरकल्यावर एच-वन अनुसूचीतल्या औषधांचं रजिस्टर चाळलं. ट्रॅमाडॉल २०१४ पासून या रजिस्टरात आहे. पाकिटावर लाल चौकटीतली सूचना तेव्हापासूनची. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. रुग्ण, डॉक्टर, औषध, नग, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. निरीक्षक आले की नग जुळवून बघतात. ते जुळतातच.

एकाच नावामागे पानं उलटत गेलं की निराळं दिसतं. सतारमेकर गल्लीतले एक कारागीर, मानेचं जुनं दुखणं. आधी फक्त रात्री एक गोळी. दिवाळीनंतर रात्री दोन. आता दुपारचीही. चिठ्ठी दरवेळी नवी, डॉक्टर तेच, सुटी सुटी वाचली तर प्रत्येक चिठ्ठी बिनचूक. "तपासलं कधी शेवटचं?" विचारलं, तर म्हणाले, "तपासायचं काय त्यात? कंपाउंडर लिहितो, डॉक्टर सही करतात." गोळी सुरू करणारे डॉक्टर असतात. ती थांबवायचं काम मात्र कुणाच्याच अंगावर नाही.

आणि उलट टोकाला आमचे निवृत्त मास्तर. सवय लागेल या धास्तीनं पाकीट कपाटात, मुदत संपेपर्यंत. गुडघे धरून रात्र काढतील, पण गोळी फोडणार नाहीत.

१३ डिसेंबर
कागवाडच्या आक्कांचा मुलगा आला. गावात दोन दिवस ट्रॅमाडॉलची गोळी मिळाली नाही आणि आक्कांना घाम सुटला, नाक वाहायला लागलं, जांभयांवर जांभया, पोट बिघडलं, रात्रभर पायांत ओढ. "दुखणं वाढलंय वो, गोळी वाढवून देतासा का?"

हे दुखणं वाढल्याचं नव्हे, गोळी एकदम तुटल्याचं लक्षण. महिनोन्‌महिने रोज घेतली की शरीर तिच्या आधारानं चालायला लागतं. आधार काढायचा तर हळूहळू. बहुतेक लोक इथेच फसतात: गोळीनं बरं वाटलं, म्हणजे दुखण्याला तीच हवी होती असं धरून चालतात, आणि मात्रा चढते.

पिशवीत दुसरी चिठ्ठीही निघाली. मन उदास असतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं एसिटालोप्रॅम. ट्रॅमाडॉलमुळे एरवीही झटके येऊ शकतात, त्यात हे जोडीला आलं की धोका वाढतो. या डॉक्टरांना त्या डॉक्टरांची गोळी ठाऊक नाही. ट्रॅमाडॉल लिहिणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. "बरं केलंत सांगितलंत. एकदम बंद करू नका, पाठवा त्यांना," म्हणाले.

१८ डिसेंबर
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, अमेरिकेतल्या अशाच अफूवर्गी गोळ्यांच्या प्रकरणाबद्दल वाचत बसलो. १९८० च्या जानेवारीत बॉस्टनच्या पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पाचच वाक्यांचं. इस्पितळात अफूवर्गी औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद. हे इस्पितळात दाखल असलेले, नर्सच्या हातून औषध घेणारे रुग्ण. घरी बसून वर्षानुवर्षं कंबरदुखीला गोळ्या घेणारे नव्हेत. पण हेच पत्र ६०० हून अधिक लेखांत उद्धृत झालं, त्यांतल्या बहुतेकांत दाखल्यासारखं. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गी गोळी बाजारात आली, आणि व्यसन क्वचितच लागतं असं कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना पटवत फिरले.

पुढचं जास्त लागलं. तिथल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतला डोसचा आकडा धरून अनेक दवाखान्यांनी जुन्या रुग्णांच्या गोळ्या धडाधड तोडल्या. अचानक बंद करू नका, रुग्ण आत्महत्येपर्यंत जातात, असा इशारा २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला द्यावा लागला. २०२२ मध्ये सूचनाच बदलल्या.

२१ डिसेंबर
एकाच्या वडिलांना तोंडाचा कर्करोग. चिठ्ठीवर मॉर्फिन १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी. आमच्यासारख्या साध्या मेडिकलात ते नसतं. मान्यता असलेल्या संस्थेत जा म्हणून सांगितलं, पत्ता लिहून दिला. अफूची शेती निमच-मंदसौरला, सरकारी कारखाने निमच आणि गाझीपूरला, आणि हा मुलगा वडिलांना एकटं टाकून एस.टी.नं जाणार. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनं अनेक परवान्यांची भानगड कमी झाली खरी. पण ज्याला उद्या सकाळपर्यंत हवंय त्याच्या हातात आज काही देता आलं नाही, आणि त्याच तासात ट्रॅमाडॉलची चार पाकिटं रीतसर गेली. याचा राग येतो.

२८ डिसेंबर
आक्का स्वतः आल्या. डॉक्टरांनी उतरता डोस लिहिलाय: चारातली सकाळची गोळी आधी बंद, दोन आठवड्यांनी दुसरी. झोपताना इसबगोल, या गोळ्यांचं बाकी सगळं अंगवळणी पडतं, बद्धकोष्ठ काही पडत नाही. मनाच्या डॉक्टरांनाही कागद दाखवून झालाय.

आक्का काउंटरला रेलून भांडायला लागल्या. "सकाळचीच का बंद? सकाळी मला भाकऱ्या थापायच्या असतात. दुपारी मी निजूनच असते की!"

बोलणं रास्त होतं. तिथूनच डॉक्टरांना फोन केला. "दुपारची काढा मग," म्हणाले, आणि सुधारलेली चिठ्ठी घ्यायला मुलाला परत पाठवलं. तोवर आक्का स्टुलावर बसून इसबगोलच्या किमतीवर घासाघीस करत होत्या. पुढची चिठ्ठी ११ जानेवारीला.