माझ्या कादंबरीचा नटसंच

जी कादंबरी अद्याप छापली गेलेली नाही, जी छापावी अशी दरखास्तही मी कोणा प्रकाशकाकडे रुजू केलेली नाही, आणि जिचे शेवटचे प्रकरण उन्हाळ्यापासून तहकूब पडले आहे, त्या कादंबरीतील कोणती भूमिका कोणत्या नटाने करावी याचा निवाडा मात्र माझ्याकडून केव्हाच होऊन गेलेला आहे. ‘लेखिका व्हायच्या आधीच बाईसाहेब निर्मात्या झाल्या,’ असे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि येणारेजाणारे हसतात. परंतु ज्या कोणी हौसेने, केवळ स्वतःच्या सुखासाठी, घरातली निजानीज झाल्यावर शंभरपानी वहीत प्रेमकथा लिहिण्याचा उद्योग केला असेल, त्यास बोलावून त्याची जबानी घ्यावी. तो शपथेवर सांगेल की, पात्रास नाव सुचण्यापूर्वी चेहरा सुचतो, आणि तो चेहरा बहुधा उसनवारीचा असतो.

कथानक येथेच सांगून टाकते, कारण त्यात लपविण्यासारखे काही नाही. माझी सारी नोकरी महसूल खात्यात आणि त्यातही बरीच वर्षे भूसंपादनाच्या शाखेत गेली. तेव्हा इतर लेखिका ज्या सहजतेने मोगऱ्याविषयी आणि चांदण्याविषयी लिहितात, त्या सहजतेने मी पंचनाम्याविषयी आणि बुडीत क्षेत्राविषयी लिहिते, यात नवल नाही. वाईच्या वरच्या अंगाला कृष्णेवर धोमचे धरण व्हावयाचे होते त्या काळची ही गोष्ट आहे. नायिका इंदुमती ही बुडणाऱ्या गावातली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली आणि बापाच्या वतीने सारे सरकारी कागद वाचणारी मुलगी. नायक सदाशिव हा भूकरमापक, साखळी, झेंड्या आणि प्लेन टेबल घेऊन तिच्याच बापाची जमीन मोजावयास आलेला. आपण मोजतो ती जमीन पाण्याखाली जाणार हे त्यास पुरते ठाऊक आहे. मोजणाऱ्याविषयी आपल्या मनात काय उत्पन्न होऊ लागले आहे, हे तिला अजून ठाऊक नाही. ‘धरणग्रस्तांत कसले आले आहे प्रेम?’ असा आक्षेप ह्यांनी वर्तमानपत्राआडून घेतला. त्यावर माझे म्हणणे असे की, एका माणसाने दुसऱ्याच्या शिवाराचा प्रत्येक बांध, प्रत्येक विहीर, प्रत्येक आंब्याचे झाड दिवसच्या दिवस उन्हात उभे राहून कागदावर उतरवावयाचे, त्या झाडांची नावे त्या घरच्या मुलीला विचारावयाची, आणि संध्याकाळी तिच्याच ओसरीवर बसून बेरीज ताडून पाहावयाची; प्रेमास याहून अधिक फुरसत दुसऱ्या कोणत्या खात्यात मिळते?

नायकाच्या जागेवर पहिली नेमणूक मी डॉ. काशिनाथ घाणेकरांची केली, आणि ती निव्वळ वशिल्याची होती. ‘अश्रूंची झाली फुले’ हे कानेटकरांचे नाटक १९६६ साली आले, आणि त्यातला लाल्या ज्या वयात आम्ही पाहिला त्या वयात पाहिलेल्या माणसास पुढे आयुष्यात कोणतीही जागा देण्यास मन तयार असते. परंतु भूकरमापकास दिवसभर करावे लागते ते काम म्हणजे टेबलावर वाकणे, एक डोळा मिटून पट्टीच्या कडेने दूरच्या झेंडीकडे पाहणे, आणि चुकलेली रेघ खोडरबराने पुसून पुन्हा ओढणे. लाल्या वाकेना. तो शिवारात आला की बैल थांबत, बायका विळे टाकून पाहत, आणि मोजणी तशीच राही. त्यास सन्मानपूर्वक कार्यमुक्त करून मी अमोल पालेकरांस रुजू करून घेतले. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ या चित्रपटांतून, १९७४ ते १९७६ या दोन वर्षांत, बसच्या रांगेत उभा राहणारा आणि कचेरीत वेळेवर पोचणारा पगारी तरुणही नायक होऊ शकतो, असे त्यांनी आम्हां नोकरदार बायकांस दाखवून दिले होते, याबद्दलची कृतज्ञताही या नेमणुकीत होतीच. ते सुरेख वाकले; झेंडीकडे पाहताना मिटलेला डोळादेखील त्यांनी लाजून मिटला. मात्र त्यांच्या संगतीत सदाशिव इतका संकोची झाला की, संबंध दोन प्रकरणे ‘पाणी मिळेल का?’ यापलीकडे त्याने इंदुमतीस काही विचारलेच नाही, आणि पाणी पिऊन पिऊन माझी कथा फुगली. अखेर अरुण सरनाईकांना बोलवावे लागले. ‘सिंहासन’मधील मुख्यमंत्री ज्या आवाजात साधी चौकशी करतो, आणि ती चौकशी आहे की हुकूम याचा समोरच्यास पत्ता लागू देत नाही, तो कोल्हापुरी मातीतला भारदस्त आवाज मी सदाशिवास दिला. आता त्याच्या सातबाऱ्यावर दोघांची नावे सामाईक आहेत. खांदे पालेकरांचे आणि आवाज सरनाईकांचा. फाळणी करून मागण्याची दोघांसही मुभा नाही.

इंदुमतीचे प्रकरण याहून गंभीर आहे, आणि या साऱ्या खुळास मी खूळ का मानीत नाही त्याचे कारणही तेथेच आहे. पहिल्या मसुद्यात ती जयश्री गडकरांच्या रूपाने वावरत होती. ‘सांगत्ये ऐका’ने १९५९ साली ज्यांना घरोघर पोचविले, त्या जयश्रीबाईंचे टपोरे डोळे भरून आले म्हणजे प्रेक्षागृहात पदर डोळ्यांना लागत, हे मी लहानपणी आईच्या शेजारी बसून पाहिलेले आहे, तेव्हा भूसंपादनाची नोटीस घरी येते त्या प्रसंगी मी इंदुमतीस ओसरीच्या खांबाशी उभे करून यथेच्छ रडविले. प्रसंग छान वठला होता. शेजारच्या बाईंना मी तो वाचून दाखविला तेव्हा त्याही रडल्या. पुढे एका रात्री ‘जैत रे जैत’ पुन्हा पाहण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी वही उघडते तो खांबाशी स्मिता पाटील उभ्या. त्या रडेनात. तलाठ्याने पुढे केलेली नोटीस त्यांनी हातात घेतली, उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि ओठ न हलविता वाचू लागल्या.

आता भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यातील कलम नऊ असे होते की, हितसंबंधी इसमांनी हजर राहून आपले म्हणणे मांडावे यासाठी जी तारीख मुक्रर करावयाची, ती नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आतली असता कामा नये. इंदुमतीने बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, एकदा मोजून पुन्हा मोजले, आणि ‘हे तर बाराच होतात,’ असे म्हणून तिने नोटीस तलाठ्याकडे न देता त्याच्या मागे उभ्या असलेल्या भूकरमापकाकडे दिली. ज्या माणसाचे उभे आयुष्य मापे ताडून पाहण्यात गेले, त्या सदाशिवाने तेथेच, अंगणात, तिच्या देखत पेरांवर दिवस मोजले. बारा. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. माझ्या कादंबरीत प्रेम जडले ते या क्षणी, कलम नऊच्या आधाराने. आणि पहिल्या मसुद्यातील अश्रूंची तीन पाने मी त्याच दिवशी रद्दबातल केली.

हा प्रसंग मला सुचला असे म्हणण्याचे धाडस मजकडून होत नाही. एक चेहरा मला हवे ते करावयास नकार देऊन उभा राहिला, आणि त्या नकाराची चौकशी करता करता पात्राचा स्वभाव हाती लागला, इतकेच खरे आहे. चांगल्या नटाचा चेहरा मनात उभा केला म्हणजे तो लबाड वाक्य बोलत नाही. आपण लिहिलेले वाक्य त्याच्या तोंडी घालून पाहावे, आणि ते तेथे टिकले नाही तर निमूटपणे खोडावे. लेखनकलेवरील ग्रंथ मी वाचले आहेत, पण मसुदा तपासण्याची याहून स्वस्त आणि निर्दय रीत मला कोठे आढळली नाही.

शिवाय ही चाल माझ्यापासून सुरू झालेली नाही. ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ज्या घरांत वाचली गेली, त्या घरांत त्या विजोड लग्नातील म्हाताऱ्या नवऱ्याविषयी बायका काय बोलल्या असतील ते बोलल्या असतील. परंतु १९३७ साली ‘प्रभात’ने तिचा ‘कुंकू’ केला, आणि त्या म्हाताऱ्यास केशवराव दात्यांचा व तरुण पत्नीस शांता आपट्यांचा चेहरा कायमचा मिळाला. चित्रपट नव्हता तेथे चित्रकार होते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर या दोघां गोमंतकीयांनी दिवाळी अंकांची आणि कादंबऱ्यांची जी मुखपृष्ठे रंगविली, त्यांवरच्या स्त्रियांनी कित्येक सामान्य कथांना पदरचे सौंदर्य बहाल केले. वाचनालयातून पुस्तक घरी आणताना नायिकेचा चेहरा वेष्टनावरच मिळे, आणि आतली नायिका तिच्याहून फिकी निघाली तर वाचक मुकाट्याने वेष्टन प्रमाण मानी. पण या बाबतीत खरे धाडस मला आचार्य अत्र्यांचे वाटते. ‘सिकंदर’ या १९४१ सालच्या चित्रपटात पृथ्वीराज कपूरांसमोर रुख्साना म्हणून झळकलेल्या वनमालाबाईंना त्यांनी बारा वर्षांनी ‘श्यामची आई’ केले. साने गुरुजींची आई ज्यांनी वाचली होती, त्यांतील एकालाही हे नाव स्वप्नात सुचले नसते. आणि चित्रपट पाहिल्यावर दुसरे नाव कोणी काढले नाही. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटास मिळाले.

त्यांच्या उदाहरणाने धीट होऊन मी इंदुमतीच्या वडिलांची भूमिका निळू फुल्यांना दिली. हे नाव ऐकताच आमच्या घरी सर्वांनी बेरकी सरपंच डोळ्यांसमोर आणला, कारण पडद्याने त्यांच्याकडून ते काम इतक्या वेळा करवून घेतले की शेवटी बायका त्यांना समोर पाहूनही बिचकत. परंतु हा माणूस नट होण्यापूर्वी पुण्यास लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होता, हे मी विसरू शकत नाही. ज्याने रोपे लावली आहेत त्याच्याच हातात मला ते ढेकूळ द्यावयाचे आहे. ताबा देण्याच्या दिवशी म्हातारा बांधावरचे एक ढेकूळ उचलतो, दोन बोटांत चुरतो, आणि ‘यंदा वाफसा चांगला होता’ एवढेच बोलतो. आईच्या भूमिकेसाठी सुलोचनाबाई आपण होऊन हजर झाल्या होत्या. त्या प्रत्येकाच्या कथेत आपण होऊन हजर होतात. त्यांना मी हात जोडून परत पाठविले. माझ्या इंदुमतीची आई तापट आहे, आणि सुलोचनाबाई रागावल्या तरी ऐकणाऱ्यास आशीर्वाद दिल्यासारखे वाटते.

‘आई, तुमच्या नटसंचातले बहुतेक सगळे वारलेत,’ असे आमच्या सूनबाईंनी एकदा सौम्यपणे माझ्या लक्षात आणून दिले. ‘म्हणूनच तर त्यांच्या तारखा मिळतात,’ असे मी म्हटले. तिने इंदुमतीसाठी मुक्ता बर्वे सुचविली. ‘जोगवा’ मी पाहिला आहे. नाव वाईट नाही, आणि पेरांवर दिवस मोजण्याचा प्रसंग ती बाई उत्तम करील, असे मी प्रांजळपणे कबूल केले. मग सोनाली कुलकर्णीचे नाव निघाले, आणि ‘दोघी’तली की दुसरी, या चौकशीत चहा थंड झाला. आमच्या वाईस खऱ्या चित्रपटांचीही काही नवलाई राहिलेली नाही. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’सारखे मोठे चित्रीकरण होऊन गेले, आणि आता एखादी चित्रसंस्था आली तर लोक आपापली धुणी आटोपून वाट मोकळी करून देतात. सूनबाई म्हणते की यापैकी कोणास तरी वही दाखवावी. मी दाखविणार नाही.

कारण चेहऱ्याची एक दहशतही मला ठाऊक आहे. रणजित देसायांची ‘स्वामी’ १९६२ साली आली, तेव्हा ज्या हजारो घरांत ती वाचली गेली त्या प्रत्येक घरातील रमाबाई निराळी होती. माझ्या रमाबाईचा चेहरा माझ्या एका मावसबहिणीचा होता. पुढे दूरदर्शनवर गजानन जागीरदारांची मालिका आली. मृणाल देव ही गो. नी. दांडेकरांची कोवळी नात रमाबाई होऊन आली, रवींद्र मंकणी माधवराव झाले, आणि दोघांनी कामे इतकी उत्कृष्ट केली की माझ्या मावसबहिणीस त्या वाड्यातून निघावे लागले. ती आजतागायत परत आलेली नाही. प्रयत्न करून पाहिला.

म्हणून माझा नटसंच माझ्या दप्तरापुरता आहे. वहीच्या अखेरच्या पानावर तो पेन्सिलीने लिहिलेला आहे, आणि कादंबरी पुरी होताच तो पुसून टाकावयाचा, असा माझा स्वतःवरच हुकूम आहे. मूळ मजकुरात सदाशिवाच्या नाकाचा, रंगाचा अथवा उंचीचा उल्लेख मी कोठेही येऊ दिलेला नाही; तो उन्हात डोळे बारीक करतो आणि मापे बोलताना त्याचा आवाज खाली येतो, एवढेच लिहिले आहे. इंदुमती कशी दिसते तेही सांगितलेले नाही. वाचकाने तेथे स्वतःची रमाबाई, स्वतःचा लाल्या, वाटल्यास एखादी मावसबहीण आणून बसवावी. त्या जागा मी जाणूनबुजून रिकाम्या ठेवलेल्या आहेत, आणि त्या भरण्याचा अधिकार सर्वस्वी वाचकाचा आहे.

एक जागा तेवढी वगळून. शेवटच्या प्रकरणात नुकसानभरपाई वाटपाच्या दिवशी टेबलामागे एक अव्वल कारकून बाई बसलेली आहे. तिला एकच वाक्य आहे, ‘येथे सही करा’. ती भूमिका मी करणार आहे.