गाडी गेली, नाव राहिलं

सकाळी सहाच्या सुमारास आसनगाव स्टेशनबाहेर गाडी लावायला जागा शोधावी लागते. शहापूर, किन्हवली, डोळखांबकडची माणसं इथे गाड्या ठेवून लोकल पकडतात. त्यांतल्या बऱ्याच चारचाक्या सेकंडहँड. काहींच्या आरसीवर मात्र अजून पहिल्याच मालकाचं नाव असतं, आणि तो कधीच नवी गाडी घेऊन मोकळा झालेला असतो. निदान त्याला तसं वाटतं.

मोटार अपघाताच्या दाव्यांत हे वाटणं पहिल्याच तारखेला उतरतं. जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्याचं सगळं लक्ष नवीवर. एक्स्चेंजचा भाव ठरतो, सेल्समन टीटी फॉर्मचा, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांचा, गठ्ठा पुढे करतो. “काका, इथे, इथे आणि मागे एक सही.” नमुना 29 आणि 30 वर सह्या होतात, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख या दोन्ही जागा कोऱ्या. गाडी एका दलालाकडून दुसऱ्याकडे जाते आणि गिऱ्हाईक सापडेल तेव्हाच त्या जागा भरतात. मध्ये कुणी नाव चढवत नाही, कारण खर्च होतो, शिवाय आरसीवर मालक वाढले की भाव पडतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. पहिली अट आपल्यासाठी आहे हेच पुष्कळांच्या गावी नसतं. बॉण्ड केलाय ना, मग झालं! ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात शंभराचा बॉण्ड पाचशेवर गेला. कागदाची ताकद मात्र पाचपट झाली नाही. तो देणाऱ्या-घेणाऱ्यापुरता. अपघातात सापडलेल्या माणसाला तो दाखवून उपयोग नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा 6 फेब्रुवारी 2018 चा निकाल या बाबतीत अगदी स्वच्छ आहे. एक मारुती 800 मूळ मालकाने जुलै 2007 मध्ये विकली. पुढे ती हातोहात फिरली. मे 2009 मध्ये रिव्हर्स घेताना तिने गल्लीतून चालणाऱ्या एका बाईला आणि तिच्या भाच्याला धडक दिली, मुलगा गेला. गाडीचा विमा नव्हता. उच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकाला सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई त्याच्यावरच टाकली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी कारण दिलं ते बिनतोड: पीडिताने खरेदीदारांची साखळी हुडकत का फिरायचं? कलम 2(30) प्रमाणे नोंदीत ज्याचं नाव, तो मालक.

पोलिसांचा तपासही त्याच नावापासून सुरू होतो. 10 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या आय-ट्वेंटीत स्फोट झाला, ती अनेकांकडून फिरून आलेली होती. चौकशीला आधी उभा राहिला तो गुरुग्रामचा जुना मालक.

यावर तोडगा आहे, आणि मला तो चांगला वाटतो. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. अशा विक्रेत्याला गाडी देताना नमुना 29सी ऑनलाइन भरला की तो ‘मानीव मालक’ होतो आणि पुढची जबाबदारी त्याची. ट्रायल किंवा दुरुस्तीसाठी गाडी बाहेर काढली तरी त्याने नोंद ठेवायची. पण हायवेला शेड टाकून बसलेल्या प्रत्येकाकडे ते प्रमाणपत्र असतंच असं नाही. म्हणून भावाआधी प्रमाणपत्र मागावं. नसेल, तर घेणाऱ्याच्या नावाशिवाय सही करू नये आणि नमुना 29 स्वतः आरटीओत देऊन पोच घ्यावी.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर गाडी पडघा टोलवरून जाईल आणि पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून. विम्याचा नो क्लेम बोनसही गाडीचा नसून माणसाचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीच्या हप्त्यात तो वापरता येतो. एक्स्चेंजच्या घाईत तोही बरेच जण शोरूमच्या टेबलावरच सोडून येतात.