तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे?

ऑक्टोबरात शहापूरहून किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडला निघा. दुतर्फा हळवे भात पिवळे झालेले, कुठे कापून वाळत घातलेले. सकाळी ऊन चटका देते. दुपार कलली की माळशेजच्या अंगाने ढग चढतात. आणि अंदाज सांगतो, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’.

तुरळक म्हणजे चार शिंतोडे, असे समजू नका. हवामान खात्याचा हा शब्द ठिकाणे मोजतो, पाऊस नव्हे. शंभर पर्जन्यमापक असतील, तर फार तर पंचविसांवर पाऊस पडेल. मुरबाड कोरडे राहील, पण सरळगावचे खाचर तासाभरात भरेलही. पाऊस किती, ते निराळ्या शब्दाने कळते : ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला न शिवता ओमानच्या दिशेने गेले. तरी त्या दिवसांतल्या पावसाने ठाणे जिल्ह्यातले कापलेले भात भिजवलेच!

म्हणून नुसता आजचा अंदाज पाहून विळा उचलू नका. कापलेले भात दोन-तीन दिवस वाळावे लागते. तेव्हा परवाचाही अंदाज पाहा. तिथेही ‘तुरळक’ असेल, तर ढग दिसताच भारे बांधून खळ्यावर नेता येतील एवढेच कापा.