अस्थिसंचय

पंचतंत्रांतील चार ब्राह्मणपुत्रांची गोष्ट आम्हीं शाळेंत अनेक वर्षें शिकविली. अरण्यांत पडलेलीं सिंहाचीं हाडें एकानें जुळविलीं, दुसऱ्यानें त्यांवर मांस व कातडें चढविलें, तिसऱ्यानें प्राण घातला. आणि चौथा, ज्यास विद्या नव्हती पण अक्कल होती, तो आधींच झाडावर चढून बसला. यांपैकीं पहिल्याचें काम उतारवयांत आमच्याच हातून व्हावयाचें आहे असें कोणा विद्यार्थ्यानें तेव्हां सांगितलें असतें, तर आम्हीं त्यास खास बाकावर उभा केला असता.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही इंग्लंडांत, नॉटिंगहॅम येथें, चिरंजीवांकडे तीन महिने राहिलों. आदल्या वर्षीं आमचें कुटुंब निवर्तलें होतें. पुण्याच्या घरीं धाकटे बंधु, भावजय, मुलेंबाळें सारीं आहेत. तरी चिरंजीवांनीं आग्रह धरिला. तेथें नातू ९ वर्षांचा. त्याचें मराठी मोडकें आणि आमचें इंग्रजी मॅट्रिकच्या वेळचें, त्यामुळें पहिले आठ दिवस आमचा संवाद "जेवलास का?" आणि "हो आजोबा" यापलीकडे गेला नाहीं. नवव्या दिवशीं त्यानें एक पेटी आणून आमच्यापुढें ठेविली. तीवर ढाल-तलवार घेतलेल्या सांगाड्यांचें चित्र होतें. आंत ३० सांगाडे होते, पण सगळे सुटे!

हा प्रकार पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल, म्हणून थोडा खुलासा करितों. मेजावर चिमुकल्या पुतळ्यांचीं सैन्यें मांडून लढाया खेळण्याचा नाद त्या देशांत जुना आहे. प्रसिद्ध ग्रंथकार एच्. जी. वेल्स यानें अशा खेळाचे नियम 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकांत १९१३ सालींच छापले. पुढें राक्षस, मांत्रिक व भुतें यांच्या काल्पनिक जगांतल्या लढाया निघाल्या. फांसे टाकावयाचे, टेपानें अंतर मोजावयाचें आणि पुतळे पुढें सरकवावयाचे. त्यांतील प्रख्यात 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ सालचा. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचें मुख्य ठाणें या नॉटिंगहॅमांतच आहे. २००८ सालीं निघालेली मँटिक गेम्स हीहि त्याच शहरची, आणि माफक किंमतीचे पुतळे हा तिचा लौकिक. या खेळांत मृतांचें एक सैन्य असतें. त्यांतला एकेक सांगाडा दुबळा. पण बहुतेक नियमांप्रमाणें तें सैन्य भयानें पळत नाहीं आणि पडलेल्यांस त्यांचा मांत्रिक पुन्हां उठवूं शकतो. आपल्या कोंकणांतील वेताळाच्या पालखीची ही विलायती आवृत्तिच म्हणावयाची! मात्र अशा फौजेस एक-दोन सांगाडे पुरत नाहींत, डझनांनीं लागतात. म्हणून ते मुलाच्या खाऊच्या पैशांत बसतील असे हवेत.

ही स्वस्ताई साधते कशी, हेंहि नातवानेंच आम्हांस समजाविलें. पूर्वीं हे पुतळे शिशाच्या मिश्रणाचे ओतीत असत. आतां पॉलिस्टायरिन नांवाचें प्लास्टिक तापवून, पातळ करून, पोलादी सांच्यांत जोरानें दाबून भरतात. सांचा कोरण्यास हजारों पौंड पडतात. पण एकदां तो झाला कीं चौकटीमागून चौकट निघते, आणि एकेकीचा खर्च क्षुल्लक. त्यामुळें आमचा एकेक सांगाडा एका पौंडाच्याहि आंत पडला होता.

चौकटींत धडें, कवट्या, हात, ढाली व भाले फळांसारखे देंठांस लटकलेले असतात. बारीक पकडीनें तुकडा कापावयाचा. सांच्याच्या दोन अर्धांच्या सांध्याची जी रेघ अंगावर राहते ती सुरीच्या धारेनें हलकेंच खरवडावयाची. मग आधीं पाय, नंतर धड, नंतर हात आणि शेवटीं कवटी. गोंद आपल्या डिंकाच्या जातीचा नव्हे. तो प्लास्टिकचा पृष्ठभागच विरघळवितो, आणि वाळतांना दोन्ही तुकडे एकजीव होतात. झालेली चूक मग सुधारत नाहीं. 'संधि' म्हणजे सांधा, हें आम्ही ३५ वर्षें मुलांस सांगत आलों. पण खांद्याचा संधि करण्याची वेळ आली तेव्हां आम्हीं पहिल्याच सांगाड्याच्या उजव्या खांद्यास डावा हात जोडला. नातवानें तो उलटसुलट करून पाहिला आणि अगदीं मास्तरी सुरांत म्हटलें, "आजोबा, आधीं बघायचं, मग चिकटवायचं." आम्हीं ती शिक्षा मान्य केली.

रोज शाळेंतून आला कीं तो खिडकी उघडी, आम्ही चष्मा पुसूं, आणि दोघे बसूं. पांचव्या कीं सहाव्या दिवशीं एका सांगाड्याच्या बरगड्या खरवडतां खरवडतां, मान वर न करतां, त्यानें विचारलें, "आजोबा, आजीचीं हाडें कुठं आहेत?"

स्वयंपाकघरांतून सूनबाई "अरे" म्हणून पुढें आल्या. आम्हीं हातानेंच त्यांस थांबविलें. मुलांच्या अवघड प्रश्नास "पुढच्या इयत्तेंत शिकाल" हें आमचें ठरलेलें उत्तर होतें. तें त्या दिवशीं आमच्या तोंडून निघालें नाहीं.

आम्हीं सांगितलें. तिसऱ्या दिवशीं आम्ही व बंधु भल्या पहाटे स्मशानांत गेलों. राख निवाली होती. तीवर दूधपाणी शिंपडलें. अस्थि अंगठ्यानें व अनामिकेनें उचलाव्या, आवाज होऊं देऊं नये, पायांपासून आरंभ करून मस्तक शेवटीं घ्यावें, असें आश्वलायनाचें गृह्यसूत्र सांगतें, तसें केलें. मग मडकें घेऊन नाशिकास गेलों आणि रामकुंडावर गोदावरींत त्या सोडल्या.

त्यानें हातांतील तुकड्याकडे पाहिलें. त्याच्याहि चिमटींत अंगठा आणि अनामिकाच होती कीं काय, तें आम्हांस आतां आठवत नाहीं.

"मग जोडलीं नाहींत?"

"नाहीं. आपल्याकडे जोडीत नाहींत, सोडतात."

"कां?"

"जोडून ठेविलीं असतीं, तर ती उठून येईल म्हणून आम्ही वाट पाहात बसलों असतों."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मग आतां नाहीं बघत वाट?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं चष्मा काढून पुन्हां पुसला.

चिरंजीव केव्हां येऊन दाराशीं उभे राहिले होते, तें आम्हांस कळलें नव्हतें. आईच्या अंत्यसमयीं त्यांस येतां आलें नाहीं. विमान मिळून ते पोंचले तों पांचवा दिवस उजाडला होता. पुढचीं सारीं कार्यें त्यांनीं यथासांग केलीं. पण पहिल्या चार दिवसांविषयीं त्यांनीं आम्हांस कधीं अक्षर विचारलें नाहीं, आणि आम्हींहि सांगितलें नाहीं. विचारलें तर त्यांस लागेल असें आम्हांस वाटे. सांगितलें तर आम्हांस लागेल असें त्यांस वाटत असावें. त्यांनीं खुर्ची ओढली, पकड घेतली आणि एक कवटी चौकटींतून कापूं लागले. मग हलकेंच म्हणाले, "बाबा, तिला शेवटीं कांहीं बोलतां आलं होतं का?"

त्या संध्याकाळीं दिवेलागण होऊन गेली तरी कोणी उठलें नाहीं. सूनबाईहि येऊन बसल्या. आम्ही सांगत होतों, चिरंजीव कवट्या कापून देत होते, आणि नातू त्या एकेका मानेवर बसवीत होता. अकरा सांगाडे त्या एका बैठकींत झाले.

पुढें रंगकाम झालें. अंगास हस्तिदंती रंग, त्यावर पातळ तपकिरी पाणी. तें बरगड्यांच्या फटींत जाऊन बसलें कीं स्वस्त प्लास्टिकाचें हाड दिसूं लागतें. पहिल्या लढाईंत आमची फौज हरली. मांत्रिकानें पडलेल्यांस दोनदां उठविलें. तिसऱ्या वेळीं फांसा उलटा पडला.

निघतांना नातवानें एक सांगाडा कापसांत गुंडाळून आम्हांस दिला. तो आतां पुण्यास आमच्या पुस्तकांच्या कपाटावर उभा आहे. देवघराच्या वाटेवर तो दिसतां कामा नये, अशी भावजयीची सक्त ताकीद आहे, आणि ती आम्ही पाळतों. त्याच्या उजव्या खांद्यास डावा हात आहे.